क्यूची पेटी

१

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ताईंनी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, सवयीने न बघताच तिसऱ्या फळीवर हात घातला, आणि हाताला नुसता गार पत्रा लागला. डावीकडे पीची पेटी होती, उजवीकडे आरची होती. मधे धूळ नसलेला एक लांबट चौकोन तेवढा होता.

ताई आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी खालच्या फळ्या पाहिल्या, वरच्या पाहिल्या, कपाटाखाली वाकून पाहिलं, गुडघ्याची धूळ झटकली आणि मग स्टुलावर बसल्या.

"मालक, क्यू नाही," त्या म्हणाल्या.

मालक दारात नाकाला रुमाल लावून उभे होते. शनिवारी दुपारी त्या खोलीत झुरळांचं औषध मारलं होतं आणि वास अजून गेला नव्हता. "क्यू नाही म्हणजे काय?"

"पेटी नाही म्हणतेय मी. अख्खी पेटी."

आता ही पेटी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका पत्र्याच्या डब्यासाठी एवढं काय. या कचेरीत एकच काम चालायचं. अमुक अक्षर कुठल्या कुठल्या इंग्रजी शब्दांत येतं, ते शोधायचं. शब्दकोडी सोडवणारे, अक्षरांचे खेळ खेळणारे, हातात झेड आला की ज्यांचं डोकं बंद पडतं असे सगळे लोक ज्याची वाट बघत होते, तो जाडजूड अक्षरकोश इथे तयार होत होता. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम असा, की शब्द आयता उचलायचा नाही. छापील कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तरच घ्यायचा. म्हणून मग जुनी मासिकं, बियाण्यांच्या याद्या, औषधाच्या बाटलीबरोबरचे कागद, पंख्याच्या खोक्यातली पुस्तिका, मिळेल ते समोर ओढायचं, आपलं अक्षर दिसलं की त्याखाली पेन्सिलीने ठिपका द्यायचा, आणि तो शब्द चिठ्ठीवर उतरवून, कोपऱ्यात तारखेचा शिक्का मारून पेटीत टाकायचा. वर्षानुवर्षं हे केलं की हाताला खोड लागते. ताईंच्या घरी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा ठिपके होते.

क्यूची पेटी ताईंची. बावीस वर्षं, साडेतीन हजार चिठ्ठ्या. त्यातही क्यूच्या मागोमाग यू येत नाही असे जे दुर्मिळ शब्द, ते त्यांनी लाल दोऱ्यात वेगळे बांधून ठेवले होते आणि त्या गठ्ठ्याला त्या कुणाला बोट लावू देत नसत. बाकी सगळ्या पेट्या टाइप होऊन छपाईला तयार होत्या. क्यू तेवढा त्यांनी शेवटपर्यंत हातातून सोडला नव्हता. मंगळवारी दुपारी बारा वाजता तो टाइपाला जायचा होता.

कपाटाला कुलूप नव्हतं. कुलूप होतं ते बाहेरच्या दाराला, आतून-बाहेरून दोन्हीकडून किल्लीने लागणारं, आणि ते शाबूत होतं. त्याच्या किल्ल्या दोन. एक मालकांच्या खिशात.

"आणि दुसरी धाकटीकडे," मालक पुटपुटले. त्यांचा चेहरा पडला.

बावीस वर्षांची मेहनत गेली होती, पण हे शब्द कानावर पडले तेव्हा ताईंना, खरं सांगायचं तर, आतून बरं वाटलं.

२

धाकटी दीड वर्षापूर्वी कामाला लागली. टेबलाभोवती तीन माणसं, ताई, अप्पा आणि ही. तिघांत लहान म्हणून धाकटी. ती पान खालून वर आणि उजवीकडून डावीकडे बघायची. म्हणायची, "ताई, सरळ बघितलं की मन वाचायला लागतं आणि अक्षर निसटतं." ताईंना हे पहिल्या दिवसापासून खटकलं. काल आलेल्या पोरीने आपल्याला बघायला शिकवावं?

मग एके दिवशी ताईंनी संपवून ठेवलेलं एक मासिक तिने सहज चाळलं आणि त्यातून ताईंच्या नजरेतून सुटलेले चौदा क्यू काढून दाखवले. तेही मालकांसमोर. हसत हसत. त्या दिवशी ताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेव्हापासून धाकटीचं सगळंच त्यांना सलू लागलं. तिचं वेळेआधी येणं, तिची टोकदार पेन्सिल, तिची जेवणाच्या डब्यावर झाकण लावायची पद्धतसुद्धा. महिन्याभरापूर्वी मालक म्हणाले, "ताई, ती लवकर येते, किल्ली तिच्याकडे देऊ." आणि मागच्या सोमवारी त्यांनी घाव घातला. कोशाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून एक नाव घालायचं ठरलं होतं, आणि ते नाव धाकटीचं.

"दोन नावं?" ताईंनी विचारलं होतं.

"मुखपृष्ठावर एकच शोभतं," मालक म्हणाले होते.

आज मात्र मालक टेबलाशी डोकं धरून बसले होते. "पोलिसांना काय सांगू, ताई? क्यू हरवलाय म्हणून? हसतील मला. तुम्हीच बघा. पानभर मजकुरातला एक झेड तुम्ही चहा पिता पिता हुडकून काढता. उद्या बाराच्या आत माणूस शोधून द्या."

"आणि चोर तीच निघाली तर?"

"तर तिने उद्यापासून यायचं नाही. आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव."

ताईंनी पदर खोचला. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि पाठीमागे दार लोटून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला औषधवाल्यांनी एक इंग्रजी पत्रक चिकटवलेलं होतं. बारीक अक्षरात चाळीस-एक ओळी. काय काळजी घ्यावी, काय मिसळलंय, कोणी लांब राहावं. ताईंनी ते वाचलं नाहीच. त्यांच्या नजरेने सवयीप्रमाणे क्यू शोधायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याच ओळीत ती थबकली.

पत्रकावर ठिपके होते. पेन्सिलीचे, बारीक, नेमके. टॉक्सिकमधल्या एक्सखाली एक. हॅझर्डमधल्या झेडखाली एक. नॉझलला दोन. मिक्स, मॅक्सिमम, एक्सपोजर, झिंक. वरपासून खालपर्यंत एकही सुटला नव्हता आणि दुसऱ्या कुठल्याही अक्षराला हात लावलेला नव्हता.

ताईंनी नखाने चिकटपट्टी सोडवून पत्रक अलगद काढलं, चौपदरी घडी केली आणि बाहेर येऊन भिंतीवरच्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढच्या आवृत्तीसाठी शोध चालूच असायचा, आणि कुणाकडे कुठली अक्षरं ते मालक दर आठवड्याला फळ्यावर लिहायचे. गेल्या आठवड्याचं अजून पुसलेलं नव्हतं. ताई, क्यू. अप्पा, व्ही आणि डब्ल्यू.

धाकटी, एक्स आणि झेड.

३

हातात हुकुमाचं पान आलं तरी ताईंनी ते लगेच टाकलं नाही. कामाची शिस्त. एक शब्द सापडला म्हणून कुणी पान बंद करत नाही.

आधी त्यांनी मालकांना धरलं. "शनिवारी मी नव्हते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. काय काय झालं ते सांगा."

"बाराला औषधवाले आले. फवारलं, दारावर कागद चिकटवले, एक बाहेरून, एक आतून, आणि दार ओढून घेतलं. चार तास आत जायचं नाही म्हणाले. मग आम्ही तिघं एकदमच निघालो. कुलूप मी लावलं."

"त्यानंतर आज सकाळपर्यंत कोणी आलं नाही?"

"मी आलो होतो की. चारच्या सुमाराला. चष्मा विसरला होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला, अर्धा तास इथेच खुर्चीत बसून बोलत होतो. तिची सासू..."

"ते असू दे. आतल्या खोलीत गेलात?"

"छे. त्या वासात कोण जातं?"

ताईंच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. चोर आत आहे, पेटी काखोटीला आहे, आणि बाहेर कुलपात किल्ली फिरते. तो दाराआड उभा राहतो. अर्धा तास हलायची सोय नाही, खोकायची सोय नाही. नाकासमोर वीतभर अंतरावर छापील कागद, खिशात पेन्सिल. दुसऱ्या कुणी देवाचं नाव घेतलं असतं. या टेबलावरच्या माणसाचा हात मात्र आपोआप कागदाकडे जाणार.

मग अप्पा. अप्पा या कचेरीत अठरा वर्षं होते, पण ते आहेत हे त्यांच्या खोकल्यावरूनच कळायचं. आज त्यांचा आवाज पार बसला होता आणि डोळे लालभडक झाले होते.

"सर्दी," ते म्हणाले. "शनिवारी साडेबाराला निघालो तो थेट घरी. मी कुणाचं नाव घेत नाही, ताई. पण किल्ली कोणाकडे आहे ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. आणि तुमच्या पेटीवर डोळा कोणाचा होता, तेही."

"कोणाचा होता?"

"लाल दोऱ्यातला गठ्ठा एकदा तरी बघायला मिळावा, असं ती दहादा म्हणाली असेल माझ्यापाशी."

ताईंना हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. त्यांनी धाकटीला खिडकीपाशी बोलावून घेतलं.

धाकटीच्या हातात रुमालाचा बोळा होता. "ताई, मी नाही घेतली. किल्ली माझ्याकडे आहे म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. शनिवारी दुपारी मी घरी झोपले होते. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे साक्षीला माणूस आणू कुठून?"

"माझा गठ्ठा बघायचा होता ना तुला?"

"हो," ती सरळ म्हणाली. "अजूनही बघायचाय."

काय पण धीट, ताईंच्या मनात आलं. त्यांनी घडी केलेलं पत्रक पदराआड धरलं आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काम कुठवर आलंय तुझं? एक्स आणि झेडचं?"

धाकटीने मान वर केली. "ते माझ्याकडे कुठे आहे, ताई? शनिवारी सकाळीच अप्पांनी बदलून घेतलं. बारीक छपाईत व्ही आणि डब्ल्यू बघून डोळे दुखतात म्हणाले. मी व्ही-डब्ल्यू घेतलं, त्यांना एक्स-झेड दिलं. मालकांना सांगायचं राहूनच गेलं."

४

ताईंनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवायचाच नव्हता. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा त्या चिठ्ठ्यांच्या कच्च्या खोक्यांपाशी गेल्या. शनिवारच्या तारखेच्या शिक्क्याने व्ही आणि डब्ल्यूच्या एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या, सगळ्या धाकटीच्या गोल अक्षरात. त्याच शिक्क्याने एक्स आणि झेडच्या बारा. अक्षर तिरकं, लांब शेपटीचं, अप्पांचं.

त्यांनी पत्रक पुन्हा उलगडलं. व्हेंटिलेशन, व्हेपर, विंडो, वॉटर, वॉश. पत्रक व्ही आणि डब्ल्यूंनी नुसतं भरलेलं होतं. धाकटी त्या दाराआड उभी असती तर या सगळ्यांना तिने कोरं सोडलं नसतं. आणि ते लाल डोळे, तो बसलेला आवाज. औषधाच्या वासात अर्धा तास कोंडून घेतल्यावर दुसरं काय होणार?

राहता राहिली किल्ली. ती चोराच्या हाती कशी आली, हे जगात फक्त ताईंनाच सांगता आलं असतं. महिन्याभरापूर्वी मालकांनी किल्ली मागितली तेव्हा अपमान गिळून त्यांनी आपली किल्ली मालकांच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यात टाकली होती. धाकटीला नवी करून दिली. म्हणजे किल्ल्या दोन नव्हत्या, तीन होत्या. मालक त्या तिसरीला साफ विसरले होते. ताईंनी डब्यात डोकावून पाहिलं. किल्ली तिथेच होती, पेनांच्या खाली. शनिवारी साडेबाराच्या आधी कुणीही उचलावी आणि सोमवारी सकाळी परत टाकावी.

कोडं सुटलं होतं. ताईंनी पत्रकाची पुन्हा घडी घातली आणि कुणाला न सांगता पिशवीत टाकली.

संध्याकाळी घरी त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, आताही डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसला होता. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "तुला कोण चोर हवाय?"

"हा काय प्रश्न झाला?"

"तू आल्यापासून तीन वेळा म्हणालीस, पत्रक दाखवलं की काम झालं, फळ्यावर तिचंच नाव आहे. अप्पांचं नाव एकदाच घेतलंस, तेही पाणी पिताना."

"मग खोटं काय आहे त्यात? पत्रकावर एक्स-झेड आहेत. फळ्यावर ती आहे. मी एवढंच सांगायचं. एक अक्षर खोटं बोलायला नको."

"बोलू नकोस की," तो म्हणाला. "मी कुठे काय म्हणतोय?"

हा माणूस भांडत नसे, हीच त्याची खोड. ताई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आदळू लागल्या. बावीस वर्षं. बावीस वर्षं मान मोडून काम केलं, डोळे अधू झाले, आणि नाव कुणाचं, तर त्या हसरीचं. आता नियतीने आपणहून ताट वाढलंय तर लाथाडायचं? नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात कसलं आलंय पाप? पण मग ती पोरगी चोर ठरून रस्त्यावर येईल, आणि हा धंदा एवढासा. तिला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हेही ताईंना पक्कं ठाऊक होतं.

सकाळपर्यंत त्यांचं काहीच ठरलं नाही.

५

मंगळवारी त्या नऊलाच कचेरीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. धाकटीने कुलूप उघडलं, त्यांच्याकडे न बघता आत गेली आणि आपल्या खणातल्या वस्तू पिशवीत भरू लागली. काल मालकांनी तिला तसं सुचवलेलंच होतं. अप्पा साडेनऊला आले. ताई त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि पत्रक त्यांच्यापुढे धरलं.

"हे दारावर होतं. ठिपके बघा. कुणाचं काम आहे कोण जाणे, पण कच्चं आहे. तळाशी एक झेड राहिलाय."

"राहणं शक्य नाही," अप्पा पटकन म्हणाले. "तळापर्यंत गेलो होतो मी."

बाहेर धाकटीच्या खणाचा करकर आवाज येत होता.

"झेड नाही राहिलेला," ताई म्हणाल्या. "पेटी कुठे आहे?"

"घरी. पलंगाखाली." अप्पांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. घाबरलेले वाटत नव्हते, उलट थोडे सुटल्यासारखे वाटत होते. "मी नुसतीच नेली. एक चिठ्ठीसुद्धा हलवली नाही. रविवारभर वाचत बसलो होतो. लाल दोऱ्यातला गठ्ठा तीनदा वाचला. काय एकेक शब्द धरलेत तुम्ही. माझ्या जन्मात जमलं नसतं."

"मग का?"

"का?" अप्पा पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. "मागच्या सोमवारी तुमचं तोंड उतरलं, ते सगळ्या कचेरीने पाहिलं. मालक दिवसभर तुमच्या मागेपुढे करत होते, ताई रागावल्या, ताई जेवल्या नाहीत. ती पोरगी मोरीत जाऊन रडली, तेही सगळ्यांनी पाहिलं. मुखपृष्ठावर तुम्ही की ती, यावर टाइपवाल्यांत पैजा लागल्या. अठरा वर्षं मी या टेबलावर आहे. माझं नाव कुणाच्या तोंडातसुद्धा आलं नाही. तुमच्यासुद्धा नाही. तुम्ही तिच्यावर जळत होतात ना? मी तुमच्यावर अठरा वर्षं जळतोय. तुमची पेटी गेली असती, ती हाकलली गेली असती, आणि मग मालकांना टेबलावर कोण उरलंय ते बघावंच लागलं असतं."

या माणसाने रोज ताईंच्या पेन्सिलीला टोक काढून दिलं होतं. आपण कधी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं.

"आता बघा," अप्पा आवाज खाली आणत म्हणाले. "अदलाबदल फक्त तिला आणि मला माहीत. मी नाही म्हणेन. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? पत्रक दाखवा, फळा दाखवा. पेटी मी दुपारी जिन्याखाली ठेवतो, सापडली म्हणा. तुमचं नाव मुखपृष्ठावर. मला काही नको. नोकरी राहिली तरी पुरे."

बाहेर मालकांच्या चपला वाजल्या. "ताई," त्यांनी हाक मारली. "माझ्या खोलीत या. सापडलं काही?"

६

मालकांच्या काचेच्या खोलीत टेबलासमोर ताई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या मनात अजून दोन्ही पारडी सारखी होती. त्यांनी पत्रक टेबलावर पसरलं. मालकांनी चष्मा लावला, ठिपके पाहिले, मान वळवून फळा पाहिला आणि सुस्कारा सोडला.

"एक्स आणि झेड. म्हणजे तीच," ते म्हणाले.

एवढंच हवं होतं. ताईंनी एक शब्द बोलायची गरज उरली नव्हती. काचेपलीकडे धाकटी पिशवीची चेन ओढत होती. पिशवी तुडुंब भरली होती आणि चेन अडकत होती. ती जी काही दोन बोटांनी धडपड करत होती, ती बघून ताईंना भयंकर राग आला. तिचा, अप्पांचा, मालकांचा, स्वतःचा, सगळ्यांचाच.

"ती नाही," त्या म्हणाल्या.

मग एकदा तोंड उघडलं ते त्या थांबल्याच नाहीत. शनिवारची अदलाबदल, एकेचाळीस चिठ्ठ्या आणि बारा चिठ्ठ्या, त्यांवरचे शिक्के, कोरे राहिलेले व्ही, अप्पांचे डोळे, पेनांच्या डब्यातली किल्ली. मालकांनी डबा उपडा केला, किल्ली खणकन टेबलावर पडली आणि ते तिच्याकडे बघतच राहिले. अप्पांना बोलावलं. अप्पांनी काही नाकारलं नाही. साडेदहाला ते घरी गेले आणि अकराला पेटी घेऊन आले. ताईंनी लाल दोऱ्याचा गठ्ठा उचलून पाहिला. दोरा सोडून परत नीट बांधलेला होता.

"तुम्ही आजपासून येऊ नका, अप्पा," मालक म्हणाले.

अप्पांनी मान हलवली आणि निघाले. ते दारापर्यंत पोचले तेव्हा ताई म्हणाल्या, "मालक, आतल्या पानावर ज्यांनी काम केलं त्यांची नावं घाला. यांचंही."

"चोराचं नाव?"

"अठरा वर्षांत वीस हजार चिठ्ठ्या लिहिल्यात त्यांनी. चोरी एकच केली."

मालकांनी बराच वेळ नाक चोळलं. मग समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. अप्पा दारात थबकले होते. ते वळले नाहीत, पण लगेच गेलेही नाहीत.

धाकटी आत आली ती रडतच. "ताई, तुमचे उपकार मी..."

"उपकार-बिपकार काही नाही," ताईंनी तिला तोडलं. "तू मला आवडत नाहीस. आवडशील असंही वाटत नाही. पेटी टाइपाला घेऊन जा, तासच राहिलाय. दोरा सोडलास तर परत तसाच बांधायचा."

धाकटीने डोळे पुसले आणि पेटी छातीशी धरून गेली. चालताना ती दोनदा पेटीत डोकावली, तेही ताईंनी पाहिलं.

मालक खाकरले. ताई त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. मुखपृष्ठाचं काहीतरी ते बोलतील, अशी एक वेडी आशा त्यांना अजूनही होती. मालकांनी खणातून मुखपृष्ठाचं मुद्रित काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. वर कोशाचं नाव, आणि खाली एकच नाव, आधी ठरलेलं.

"ठरलं ते ठरलं, ताई. तिचा दोष नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत, मग मी आता तिचं नाव कुठल्या तोंडाने काढू?" ते म्हणाले. "एवढं तपासून सही करा. तुमच्या नजरेखालून गेलं की मला घोर नाही."

ताईंनी पेन्सिल घेतली आणि धाकटीचं नाव एकेक अक्षर करत तपासलं. मग पुन्हा तपासलं, या वेळी उजवीकडून डावीकडे, एखादी तरी चूक सापडावी म्हणून. एकही नव्हती. त्यांनी सही केली.